बोटीची पेटी

प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे आणि मागे काय ठेवावे, हा प्रश्न फार जुना आहे. संत पौलासारखा मुरलेला प्रवासीही आपला झगा आणि ग्रंथ त्रोआस येथे मागे ठेवून आला होता. येताना ते घेऊन ये, असे त्याने तिमथीला पत्रातून कळवले. आज आपल्या उपनगरांतील अनेक कुटुंबांसमोर हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजांच्या सहली मुंबईहून निघू लागल्या. अंधेरी-बोरिवलीची आणि मुलुंड-घाटकोपरची माणसे बॅगा भरून बंदराकडे निघाली. त्या चिमुकल्या केबिनमध्ये सुखाने राहायचे तर सामान कसे बांधावे, याची चर्चा घरोघर होऊ लागली. या विद्येला आपल्या मुंबईत दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्याच समाजाचा मोठा वाटा आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

तीन चिठ्ठ्या

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या अधिक जवळ आली. त्याआधी प्रवाशांना मिसर देश जमिनीवरून ओलांडावा लागे. रेल्वे येईपर्यंत त्यांच्या पेट्या उंटांच्या पाठीवरून जात. कालव्यानंतर एकदा बोटीत बसले की थेट इंग्लंडला उतरता येऊ लागले, आणि पेट्यांना चिठ्ठ्या लावण्याची शिस्तही रूढ झाली. पहिली चिठ्ठी केबिनमध्ये न्यायच्या सामानाची. दुसरी, प्रवासात अधूनमधून लागेल अशा सामानाची. ते सामानघरात राही आणि ठरलेल्या वेळी उघडता येई. तिसरी, ‘प्रवासात नको’ असे सांगणारी. तो माल थेट जहाजाच्या पोटात जाई आणि मुक्कामीच हाती येई.

केबिनमधली ट्रंक मुद्दाम बुटकी असे. तिची उंची सुमारे १४ इंच, कारण ती झोपायच्या फळीखाली सरकवायची. त्या १४ इंचांत दोन-तीन आठवड्यांचे आयुष्य मावले पाहिजे, हे त्या प्रवासाचे गणित होते. तांबड्या समुद्रात उकाडा, तर भूमध्य समुद्र ओलांडल्यावर थंडी. त्यामुळे पातळ आणि जाड असे दोन्ही प्रकारचे कपडे हाताशी ठेवावे लागत. सामान किती घ्यावे यापेक्षा कोणते सामान कोणत्या पेटीत जावे, याला महत्त्व होते.

या गणितात भल्याभल्यांची चूक झाली आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा तरुण मुंबईहून विलायतेला निघाला. काटे-चमचे वापरता येत नव्हते, इंग्रजीत बोलण्याचा संकोच होता. त्यामुळे बरोबर आणलेली मिठाई आणि फळे यांवर त्याने केबिनमध्येच बरेच दिवस काढले. बोटीवर काळा पोशाख घालून पांढरा फ्लॅनेलचा पोशाख त्याने उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. सप्टेंबरअखेरच्या त्या थंडीत पांढऱ्या कपड्यांत उतरणारा तो एकटाच निघाला. भरीस भर म्हणजे इतरांचे पाहून त्याने सगळे सामान किल्ल्यांसह एजंटाच्या स्वाधीन केले होते. दुसरा दिवस रविवार, म्हणून पेट्या सोमवारपर्यंत मिळणार नव्हत्या. हा फजितीचा प्रसंग गांधीजींनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितला आहे.

त्रेचाळीस वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, तेच गांधीजी गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले. सोबत्यांनी घेतलेल्या पेट्यांचा ढीग पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी सर्वांची कानउघाडणी केली, आणि नको असलेल्या पेट्या एडनहून परत पाठवण्यात आल्या.

वळकटी आणि फिरकीचा तांब्या

केबिनचे सुख मूठभरांच्या वाट्याला येई. आपली बहुतेक माणसे डेकवरची. गोव्याच्या आणि कोकणच्या बोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटत. धक्क्यावर पोचताच आधी डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची आणि मग सामान मोजायचे, हा तेथला रिवाज. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फराळाचा डबा, फिरकीचा तांब्या आणि बोट लागू नये म्हणून लिंबू, आले किंवा आवळासुपारी, एवढ्यावर रात्र निभावे. मे महिन्यात मुले गोव्याला आजीकडे निघत. परततांना आंबे, फणस, सुकी मासळी आणि गोव्याची चोरीस यांची भर पडे. ‘कोकण शक्ती’ आणि ‘कोकण सेवक’ ही नावे आजही अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. आखातात नोकरीला जाणारी माणसेही अशीच डेकवरून जात. त्या मार्गावरची ‘द्वारका’ ही बोट १९८२ पर्यंत मुंबईहून ये-जा करीत होती.

दुसऱ्यांच्या सुखाचे कारागीर

केबिन सुखाची होते ती केवळ सामानामुळे नव्हे. अंथरूण झटकणारा, पाण्याचा तांब्या भरून ठेवणारा, बूट चमकवणारा, ट्रंक फळीखाली नीट सरकवून देणारा कोणीतरी तेथे असावा लागतो. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर हे काम पिढ्यान्पिढ्या गोव्याच्या कॅथलिक स्टुअर्डांनी केले. भटारखान्यातही तेच असत. डेकवर कोकण-गुजरात किनाऱ्यावरचे खलाशी, तर बॉयलरपाशी पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले, अशी कामांची वाटणी होती.

या माणसांना स्वतःसाठी किती जागा मिळे? विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश कायद्याने गोऱ्या खलाशाला १२० घनफूट जागा देऊ केली. हिंदी करारावरील खलाशाला मात्र ३६ घनफूट. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे हा आकडा कळेल. शवपेटीपेक्षा ती थोडीच मोठी! प्रवाशांच्या खोल्या सुखाच्या करणारा हात रात्री अशा जागेत विसावत असे.

बोटीवर नसतानाही त्याची स्थिती वेगळी नव्हती. धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. कूड म्हणजे एका गावच्या पुरुषांचे सामायिक बिऱ्हाड. भिंतीपाशी गावच्या आश्रयदात्या संताची वेदी असे, संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची असे, आणि भिंतीलगत ओळीने पेट्या मांडलेल्या असत. पुढच्या बोटीची वाट पाहणाऱ्या खलाशाचे खाजगी असे तेवढेच, त्याची पेटी! तिच्यात कपडे, घरची पत्रे, एखादे संताचे चित्र आणि सर्वांत मौल्यवान अशी ‘नळी’. नोकरीचे दाखले पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवण्याच्या प्रथेमुळे खलाशाच्या दाखल्यांच्या पुस्तकालाही हेच नाव पडले.

यांतील कितीतरी पेट्या मालकावाचून राहिल्या. गांधीजींना नेणारी ‘राजपुताना’ दुसऱ्या महायुद्धात युद्धनौका बनली आणि १३ एप्रिल १९४१ रोजी पाणतीराने बुडाली. ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ ‘दारा’ बोटीवर स्फोट झाला आणि २३८ जण दगावले. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या हिंदी खलाशांची स्मारके मशीद बंदराजवळच्या खलाशी निवासात आहेत. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहेत?

आजची बॅग, कालची पेटी

आजच्या जहाजावरही जुना नियम तसाच लागू पडतो. मोठ्या बॅगा धक्क्यावर चिठ्ठी लावून घेतल्या जातात आणि केबिनमध्ये काही तासांनी पोचतात. म्हणून औषधे, ओळखपत्रे, एक बदलीचा पोशाख आणि बॅगेच्या किल्ल्या हातातल्या पिशवीतच असाव्यात. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात. लोहचुंबकाचे चार आकडे नेले तर टोप्या आणि ओले टॉवेल टांगता येतात. मऊ कापडी बॅग रिकामी झाल्यावर पलंगाखाली जाते, कडक बॅग मात्र पायांत येते. आतल्या केबिनला खिडकी नसल्याने रात्री काळोख मिट्ट असतो, तेव्हा लहानशी विजेरी उपयोगी पडते. अंगावर एखादी शाल असावी, कारण आता त्रास उकाड्याचा नसून वातानुकूलनाच्या गारठ्याचा असतो. इस्त्री, किटली आणि मेणबत्ती यांना मात्र आगीच्या भीतीने मनाई असते. भक्तिभावाने मेणबत्ती नेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

आणि केबिन आवरणारा जो तरुण दारावर टकटक करील, त्याला त्याचे नाव विचारावे. तो आपल्या शेजारच्या धर्मग्रामातलाही असू शकेल.

शेवटी एक विनंती. कुडींतून आणि चाळींतून बाहेर पडलेली बोटीवाल्यांची अनेक कुटुंबे उपनगरांत स्थिरावली. अंधेरीला, मरोळला, बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत. त्यांच्याबरोबर त्या पेट्याही आल्या. आज जुन्या इमारती पाडून नव्या उठत आहेत, घर रिकामे करण्याची घाई असते आणि गंजलेली ट्रंक भंगारवाल्याला देणे सोपे वाटते. ती देण्यापूर्वी एकदा उघडावी. आत दाखल्यांचे पुस्तक असेल, तर त्यावर बोटींची नावे आणि तारखा मिळतील. फोटो असतील, तर घरात अजून ओळखणारे माणूस आहे तोवर मागे नावे लिहून घ्यावीत. गोऱ्या साहेबांनी आपल्या सफरींची पुस्तके लिहून ठेवली. त्यांची केबिन आवरणाऱ्यांचा इतिहास मात्र या पेट्यांतच बंद आहे, आणि ‘प्रवासात नको’ अशी चिठ्ठी आपण त्याला लावता कामा नये.