सरकार कळंब

इतिहास म्हटला की आम्ही रायगडाकडे आणि पानिपताकडे पाहतो. पायाखालच्या मातीकडे आमचे लक्ष जात नाही. म्हणून आज लांबचे काही न सांगता आपल्या शेजारच्या कळंब गावाविषयी दोन शब्द सांगावे असे आम्ही योजिले आहे.

यवतमाळहून वर्ध्याच्या वाटेला लागले की वीस-बावीस किलोमीटरवर कळंब येते. जवळून चक्रावती नदी वाहते. सभोवार काळी जमीन. तीत पऱ्हाटी आणि तूर. इथल्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावे लागते. देव कुंडापाशी आहे. एखाद्या वर्षी कुंडाचे पाणी चढून देवाच्या पायाला लागते, तेव्हा ते पाहण्यास दूरदूरचे लोक लोटतात.

हे गाव एके काळी ‘सरकार’ होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’ लिहिली. तिच्यात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत कळंबचे नाव आहे. सरकार म्हणजे अनेक परगण्यांचा मुलूख. आपले यवतमाळ मात्र त्याच ग्रंथात योत-लोहारा या नावाचा एक परगणा म्हणून येते. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे जिल्ह्याचे ठाणे यवतमाळला बसले. जिल्ह्याला आधी वणी जिल्हा म्हणत. 1905 साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. कळंबचे वैभव असे कागदावरून उतरले. काळी मात्र होती तिथेच राहिली, आणि तिची मशागत एक वर्षही चुकली नाही.

ती कोणी केली? इथे दप्तर मुके होते. मोगलांच्या दप्तरात महसुलाचे आकडे आहेत. 1861 पासून वऱ्हाडात इंग्रजांची पैमाश सुरू झाली. तिच्यात सर्व्हे नंबर आला, आकार आला, खातेदाराचे नाव आले. ज्याच्याकडून सारा घ्यायचा, त्याचे नाव कागदावर चढले. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार, निंदायला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, विहीर खोदणारे वडार यांच्यासाठी त्या कागदात रकानाच नव्हता.

इंग्लंडात 1538 साली राजाज्ञा झाली की प्रत्येक खेड्याच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. त्यामुळे तिथल्या शेतमजुराच्या वंशजालाही आपल्या खापरपणज्याचे नाव पुष्कळदा सापडते. आमच्याकडे पाटलाची वंशावळ मिळते. त्याच्या सालदाराची मिळत नाही.

कामगारांत वावरताना आम्ही एक गोष्ट शिकलो. हजेरीपटावर नाव नसेल, तर दिवसभर घाम गाळूनही माणसाचा दिवस भरत नाही. इतिहासाचाही एक हजेरीपट आहे, आणि निम्मे गाव त्याच्या बाहेर उभे आहे.

2024 साली वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली. रूळ टाकणाऱ्यांची नावे तरी कोणी लिहून ठेवली काय? श्रोत्यांना आमची एवढीच विनंती आहे. सुट्टीत गावी जाल, तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या सालदाराजवळ बसा. कोणती विहीर कोणी खोदली, कोणत्या धुऱ्यावरचे झाड कोणी लावले, ते विचारा आणि वहीत उतरून घ्या. तो माणूस गेला की ते पान कोणत्याही कचेरीत मिळायचे नाही.