बालेवाडीचा तो आठवडा आणि आपली दुहेरी

बालेवाडीत एटीपीची टेनिस स्पर्धा व्हायची, हे आता बरेच जण विसरलेत. २०१८ ते २०२३ या काळात ती पाच वेळा झाली (२०२१ मध्ये कोरोनामुळे नाही). गाजावाजा व्हायचा तो एकेरीतल्या परदेशी पाहुण्यांचा. कोण आलं, सिलिच की अँडरसन? पण आपल्या दृष्टीने या स्पर्धेचा खरा इतिहास घडला पुरुष दुहेरीत.

मुळात स्पर्धा पुण्याची नव्हेच. १९९६ ला दिल्लीत सुरू झाली, १९९७ ला चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत तिथेच होती. पुढची पाच पुण्यात. एवढ्या सगळ्या वर्षांत एकेरीचं विजेतेपद एकाही भारतीयाला मिळालं नाही. सोमदेव देववर्मन २००९ मध्ये अंतिम फेरीत पोचला, तेवढंच.

आता दुहेरी बघा. १९९७ ला चेन्नईत लिएंडर पेस आणि महेश भूपती जिंकले. जोडी म्हणून एटीपीचं त्यांचं हे पहिलंच विजेतेपद. दोनच वर्षांत, १९९९ मध्ये, याच जोडीने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकलं. २०१७ च्या चेन्नईच्या अंतिम सामन्यात तर नेटच्या दोन्ही बाजूंना भारतीयच होते. रोहन बोपण्णा आणि जीवन नेदुंचेळियन जिंकले, पूरव राजा आणि दिविज शरण हरले.

तोच दिविज २०१९ मध्ये बालेवाडीत बोपण्णाचा जोडीदार होता, आणि दोघांनी बॅम्ब्रिज-ओमारा या ब्रिटिश जोडीला ६-३, ६-४ असं हरवून विजेतेपद घेतलं. २०२० मध्ये पेस इथे शेवटचं खेळला, तेव्हा त्याला हरवलं रामकुमार रामनाथन आणि पूरव राजा यांनी. २०२२ मध्ये रामकुमार बोपण्णाबरोबर उतरला. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा यांनी घेतला आणि दहा गुणांच्या निर्णायक टायब्रेकमध्ये सॅव्हिल-स्मिथ या ऑस्ट्रेलियन जोडीला हरवलं. २०२३ मध्ये जीवन आणि श्रीराम बालाजी अंतिम फेरीत बेल्जियमच्या जोडीकडून हरले.

हिशेब सोपा आहे. पुण्यात पाच वेळा स्पर्धा झाली, त्यातल्या तीन वेळा अंतिम फेरीत भारतीय जोडी आणि दोनदा विजेतेपद.

हे काही योगायोगाने झालं नाही. या दर्जाच्या स्पर्धेत दुहेरीत फक्त १६ जोड्या घेतात, त्याही क्रमवारीनुसार. क्रमवारीत खाली असलेल्या आपल्या पोरांना परदेशात जागा मिळणं मुश्कील, शिवाय विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून. घरच्या स्पर्धेत मात्र यजमानांच्या हातात वाइल्ड कार्ड असतात. चार सामने जिंकले की विजेतेपद आणि प्रत्येकी २५० गुण. तेवढ्यावर वर्षभर मोठ्या स्पर्धांची दारं उघडतात.

२०२४ च्या वेळापत्रकात पुण्याचं नाव नव्हतं. जानेवारीच्या त्या पहिल्या आठवड्यात हाँगकाँगला स्पर्धा झाली. बालेवाडीत त्यानंतर चॅलेंजर स्पर्धा झाली, चांगलंच आहे. पण तिथे विजेत्याला १०० गुण. २५० आणि १०० मधला फरक कळायला टेनिस कळावं लागत नाही.

आणि त्याच जानेवारीत बोपण्णा ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकला आणि जगात पहिल्या क्रमांकावर गेला. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, अभिमान वगैरे व्यक्त केला. बालेवाडीत दोनदा जिंकलेला माणूस होता तो. पण आपल्याकडची स्पर्धा गेली, याबद्दल एक अक्षर कुठे ऐकलं का?

बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सरकारी पैशातून, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातून उभं राहिलं. कोर्ट आपली आहेत, स्पर्धेचा हक्क मात्र आपला नव्हता. करार संपला की मालक गाशा गुंडाळून जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच होतं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणली' म्हणून फ्लेक्स लावला, तर एवढंच विचारा: किती वर्षांसाठी? आणि नंतर आपल्या खेळाडूंचं काय?

२०१९ ची किंवा २०२२ ची दुहेरीची फायनल बालेवाडीत बसून कुणी बघितली होती का? आठवण असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा.