दातातली चांदी, दातातलं सिमेंट



गटाच्या बैठकीत दाढदुखीचा विषय निघाला की एकजण म्हणते, "मी चांदी भरून घेतली." दुसरी म्हणते, "मला सिमेंट भरलंय." मग तिसरी विचारते, "यातलं चांगलं कोणतं?" याचं उत्तर शोधायला दोनशे वर्षं मागे जाऊ या.

तेव्हा युरोपात श्रीमंतांच्या किडक्या दातात सोन्याचा वर्ख ठासून भरत. गरिबाचा दात उपटूनच काढत. १८२६ च्या सुमारास पॅरिसमध्ये ताव्हो नावाच्या दंतवैद्याने चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दातात भरला. ओला असताना लोण्यासारखा मऊ, नंतर घट्ट. हीच आपली 'चांदी'. नाव चांदीचं, पण वजनात जवळजवळ निम्मा पारा!

१८३३ मध्ये क्रॉकूर नावाच्या भावांनी हा मसाला अमेरिकेत नेला. कीड नीट न कोरताच ते तो भरून मोकळे होत. लोकांचे दात आतून सडले. तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने पाऱ्याचा मसाला वापरणार नाही, असं सभासदांकडून लिहून घेतलं. पण स्वस्त आणि टिकाऊ मसाला लोक कसा सोडतील? त्या भांडणात १८५६ मध्ये संघटनाच मोडली. पुढे १८९५ च्या सुमारास शिकागोच्या डॉ. ब्लॅक यांनी चांदी, कथील वगैरेंचं प्रमाण बसवून दिलं आणि चांदी जगभर पसरली.

चांदी मजबूत असते. आपली सोलापुरी कडक भाकरी चावणाऱ्या दाढेलाही ती पुरते. पण ती दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून चांगला दातही थोडा कोरावा लागतो.

दुसरी काळजी पाऱ्याची. जपानमधल्या मिनामाता गावी कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांतून माणसांच्या पोटात गेला. १९५६ मध्ये तो आजार उघडकीस आला. त्या गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१८ मध्ये भारतानेही तो मान्य केला. करारातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलं, की पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई यांच्या दातात, डॉक्टरांना अगदीच गरज वाटल्याशिवाय, चांदी भरू नये.

म्हणून जुनी चांदी घाबरून काढायची का? नाही. ती शाबूत असेल तर राहू द्या. उलट कोरून काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते.

आता सिमेंट. हे घर बांधायचं सिमेंट नव्हे. १९७० च्या आसपास लंडनमध्ये विल्सन आणि केंट या शास्त्रज्ञांनी काचेची पूड आणि आम्ल यांपासून ते बनवलं. ते दाताला आपोआप चिकटतं आणि त्यातून फ्लोराइड झिरपतं. दाढेच्या चावण्याच्या भागावर मात्र ते लवकर झिजतं. १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या टांझानियात वीज आणि मशीन नसलेल्या गावांत हातातल्या अवजारांनी कीड काढून सिमेंट भरायची पद्धत सुरू झाली. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे सिमेंट आहे.

तिसरा मसाला दाताच्या रंगाचा, कंपोझिट. त्याचा पाया १९६२ मध्ये अमेरिकेत बोवेन यांनी घातला. निळ्या उजेडाने तो घट्ट होतो. दिसायला सुंदर, पण भरताना दात अगदी कोरडा लागतो, वेळ जातो आणि खर्चही वाढतो.

या इतिहासातून एक गोष्ट कळते. क्रॉकूर बंधूंच्या हातून दात सडले, कारण आतली कीड तशीच राहिली होती. मसाला कोणताही असो, आधी कीड स्वच्छ निघाली पाहिजे. म्हणून खुर्चीत बसलात की विचारा: कीड किती खोल आहे? कोणता मसाला भरताय आणि तोच का? किती वर्षं टिकेल? खर्च किती? गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते आधीच सांगा.

आणि मैत्रिणींनो, दाढ ठणकली की मिश्री लावून दिवस काढू नका. मिश्रीने ठणका दबतो, कीड आत पोखरतच राहते. छिद्र लहान असताना मसाला निवडता येतो. कीड नसेपर्यंत पोचली की निवड उरते ती दोनच गोष्टींत: रूट कॅनालचा खर्च करायचा, नाहीतर दात काढायचा. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एकमेकींना एवढंच विचारा, "तुझी दाढ दाखवलीस का?"