मेंदूतील चकते : रोजनिशीपासून प्रतिमेपर्यंत

गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मराठीच्या अध्यापकाने वैद्यकाचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. तथापि ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ या व्याधीच्या इतिहासाची वाट मला एका रोजनिशीने दाखवली, आणि रोजनिशी हा आमच्याच प्रांतातला ऐवज आहे.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे १८२२ साली स्कॉटलंडमध्ये एका आप्ताच्या अंत्यविधीला गेला. त्यानंतर लवकरच त्याची दृष्टी इतकी मंदावली की आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. डोळे आपोआप सुधारले. पुढे काही वर्षांनी पायांतले बळ गेले. वीस वर्षांहून अधिक काळ त्याने आपल्या देहाचा हा जमाखर्च लिहून ठेवला. १८४८ साली तो वारला, तेव्हाही त्याच्या रोगाला नाव नव्हते.

नाव मिळाले ते पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात. झाँ-मार्तँ शार्को याने १८६८ साली रुग्णाच्या हयातीतील लक्षणे आणि शवविच्छेदनात आढळणारे मेंदूतील घट्ट, करडे चकते यांची सांगड घातली. मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टन असते, विजेच्या तारेवर रबराचे असावे तसे. शरीराची संरक्षक यंत्रणाच ते कुरतडते आणि संदेश अडखळतात. परंतु चकता प्रत्यक्ष दिसायचा तो मृत्यूनंतरच. एडिंबरोच्या जेम्स डॉसनने १९१६ साली या चकत्यांचे जे बारकाईचे वर्णन केले, तेही सूक्ष्मदर्शकाखालच्या मृत ऊतींचे होते.

जिवंत मेंदूचे दार प्रथम किलकिले केले ते सीटी स्कॅनने. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. मात्र क्ष-किरणांना हे चकते क्वचितच जाणवत. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली निराळा मार्ग दाखवला : प्रबळ चुंबकक्षेत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकेंद्रांना रेडिओलहरींनी चाळवायचे आणि त्यांच्या प्रतिसादातून चित्र रचायचे. चकत्यात पाण्याची स्थिती बदललेली असते, म्हणून तो या चित्रात उठून दिसतो. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील चमूने दहा रुग्ण दोन्ही पद्धतींनी तपासले. सीटीने १९ चकते दाखवले. नव्या पद्धतीने ते सारे दाखवून शिवाय ११२ अधिक. माझ्या मते या इतिहासातील खरा उंबरठा हाच.

जाता जाता शब्दांविषयी. या तंत्राच्या मूळ नावात ‘न्यूक्लिअर’ हा शब्द होता. तो अणुकेंद्राचा वाचक. पण लोकांना त्यात अणुबाँब ऐकू येई, म्हणून तो गळला आणि ‘एमआरआय’ उरले. शब्दाने माणूस किती भितो, हे भाषेच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

या चित्रांचे मोल मला माझ्या एका विद्यार्थिनीमुळे उमगले. हातांना मुंग्या, असह्य थकवा, मधूनच अंधुक दिसणे. एका तज्ज्ञाने तिला ‘लग्न करा, मन रमेल’ असा सल्ला दिला होता. चार वर्षांनी फिल्मवर पांढरे ठिपके उमटले. ‘सर, मी ढोंगी नव्हते,’ एवढेच ती म्हणाली. रोग निश्चित झाल्याचा तिला जणू आनंदच झाला होता.

२००१ साली इयन मॅकडोनाल्ड यांच्या नेतृत्वाखाली निदानाचे नवे निकष ठरले. दुसऱ्या झटक्याची वाट पाहत न बसता, काही काळाने घेतलेल्या एमआरआयमधील नवे चकतेही पुरावा मानले जाऊ लागले. हे निकष पुढे वेळोवेळी सुधारले गेले. डॉसनने पाहिलेले, शिरांच्या कडेने बोटांसारखे पसरणारे चकते आज जिवंत रुग्णाच्या चित्रात ओळखता येतात आणि ‘डॉसनची बोटे’ म्हणूनच ओळखले जातात.

तथापि चित्राला अंतिम साक्षीदार मानणे धाडसाचे होईल. ज्याच्या मेंदूत चकते पुष्कळ, तो कधी सहज चालतो. ज्याच्या मेंदूत थोडे, तो कधी अंथरुणाला खिळतो. वेदनेची, थकव्याची मोजदाद फिल्मवर उमटतेच असे नाही. डॉक्टरांना रुग्णाचे बोलणे आजही ऐकावे लागते.

खुद्द मॅकडोनाल्ड हौशी पियानोवादक होते. मेंदूतील एका लहानशा रक्तपुरवठा-खंडाने त्यांची स्वरलिपी वाचण्याची शक्ती हरपली. ती सरावाने परत कशी मिळवली, याचा वृत्तांत त्यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात २००६ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ते निवर्तले. आपल्या शाळेच्या ग्रंथालयाने तो लेख मिळवावा आणि शक्य झाल्यास डेस्टेच्या रोजनिशीशेजारी ठेवावा.