मिसकॉलची कुळकथा

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या एसटी स्टँडवर एक आजी नातवाला बसमध्ये बसवत होती. नातवाच्या हातात मोबाईल होता. बस हलली तशी ती खिडकीशी ओरडली, ‘उतरल्यावर आवाज दे रं!’ नातू म्हणाला, ‘मिसकॉल देतो.’ दोघंही एकच गोष्ट बोलत होते, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी या शब्दाच्या मागे लागलो.

इंग्रजीत मिस्ड कॉल म्हणजे हुकलेला फोन. ज्याचा हुकला, त्याच्या बाजूनं पाहिलेला. मराठीनं तो उलटा केला. आपल्याकडे मिसकॉल हुकत नाही, तो देतात, मारतात. मुद्दाम.

सुरुवातीच्या मोबाईलवर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. 1 मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं, त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया 1100 आला आणि फोन शेतापर्यंत पोचला. मीटर मात्र फोन उचलल्यावरच पडायचं, आणि कोणी वाजवलं ते उचलण्याआधीच पडद्यावर दिसायचं. मिसकॉल जन्मला तो या फटीत. अंगठा लाल बटणावर ठेवायचा, कानात एक ‘ट्रिंग’ ऐकायची आणि कापायचा. समोरच्यानं घाईनं उचलला, तर रुपया गेला.

हे झालं यंत्राचं. पण ‘देणे’ आणि ‘मारणे’ आले कुठून?

कॉलेजची पोरं ‘मिस’चा अर्थ आठवण असा लावायची. आठवण आली म्हणून वाजवला तो मिसकॉल. गोड आहे, पण नंतर चिकटवलेला आहे. दुसरं मत असं, की ‘मारणे’ हिंदीतून आलं. मग आपण शतकानुशतकं हाक कशी मारत आलो? तिसरं मत तेलंगणातल्या भैंशाकडच्या सोयऱ्यांचं. तेलुगूतही मिस्ड कॉल ‘देतात’, क्रियापद ‘इव्वु’. पण पुण्यातही मिसकॉल देतातच, तिथं तेलुगू कुठून पोचणार?

माझं मत आजीच्या बाजूचं. नांदेड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, दरबारी भाषा उर्दू. त्या शेजारातून ‘आवाज देणे’ आपल्या मराठवाडी बोलीत मुरलं, आणि मोबाईल आल्यावर ‘आवाज’च्या जागी ‘मिसकॉल’ बसला. क्रियापद जागचं हललं नाही. पुण्याकडे हेच काम ‘साद देणे’नं केलं असणार. ‘मारणे’ तर थेट हाकेचंच.

खरी गंमत पुढे आहे. हाकेला ओ द्यावी, ही आपली रीत. मिसकॉल मात्र अशी हाक, जिला तिथल्या तिथं ओ द्यायचीच नसते. कधी ती निव्वळ खूण असते: ‘पोचलो’, ‘चहा ठेव’. कधी ओ फिरून फोन लावून येते, आणि पैसे ओ देणाऱ्याचे.

मिसकॉल फक्त आपलाच नाही. इटलीत त्याला स्क्विल्लो म्हणतात, स्पेनमध्ये तोके, आफ्रिकेत कुठं बीप, कुठं फ्लॅश. आपल्याकडे 2011 साली अण्णा हजारेंच्या आंदोलनाला लोकांनी मिसकॉल देऊन पाठिंबा कळवला. पुढं 2016 मध्ये जिओ आलं, बोलणंच फुकट झालं आणि मिसकॉलचं पोट भरणारं कारण संपलं.

तुमच्या गावात मिसकॉल देत होते की मारत होते, आणि त्याआधी हाकेला काय म्हणत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवा.