धावपट्टीखालची नदी

पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामावर माझी तीस वर्षं गेली. नाले, मोऱ्या, पातमुखं, गाळ, एवढंच माझं जग. निवृत्त झालो, तरी पाऊस लागला की मी आधी भरतीची वेळ बघतो. मुंबईच्या विमानतळांचा इतिहास लोक विमानांच्या अंगाने सांगतात. मला तो पाण्याच्या अंगाने सांगावासा वाटतो.

सुरुवात जुहूची. १९२८ मध्ये समुद्राला लागून असलेल्या खाजणात हे मैदान उभं राहिलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन निघालेले जेआरडी टाटा इथेच उतरले. पण पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून टाटांची टपालसेवा तेवढे महिने पुण्याला येरवड्याला हलायची. पाणी आलं की विमानाने जागा सोडायची, अशी तेव्हाची रीत.

सांताक्रूझमध्ये मात्र जागा सोडावी लागली ती पाण्याला. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सचा तळ असलेलं हे मैदान स्वातंत्र्यानंतर मुंबईचं मुख्य विमानतळ झालं. विमानं मोठी झाली, धावपट्ट्या लांबल्या आणि वाटेत मिठी आली. विहार आणि पवईच्या तलावांतून ओसंडणारं पाणी घेऊन जेमतेम अठरा किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी. तिला मोऱ्यांतून धावपट्टीखाली घातलं, विमानतळाजवळ काटकोनात वळवलं. नदी काटकोनात वळत नसते. तशा वळणावर वेग मोडतो, वेग मोडला की गाळ बसतो, गाळ बसला की पात्र उथळ होतं. आम्ही दर मे महिन्यात गाळ काढायचो आणि दर जूनमध्ये तो परत यायचा.

पाणी नुसतं तुंबत नाही, ते मळतंही. विमान उतरताना चाकं टेकतात त्या जागी रबराचा काळा थर बसतो. विमानं उभी करतात त्या काँक्रीटवर इंधन, हायड्रॉलिक तेल, वंगण थेंबाथेंबाने सांडतं. हे आठ महिने साचतं आणि जूनच्या पहिल्या सरीत एकदम धुऊन निघतं. म्हणून मी कायम म्हणत आलो, की पहिल्या पावसाचं पाणी वेगळं धरा. यावर उपाय साधा आहे. टाकीत पाण्याचा वेग कमी करायचा. तेल हलकं, ते वर येतं, आडव्या भिंतीपाशी अडतं आणि पाणी खालून निघून जातं. पण टाकी ठरावीक प्रवाहासाठीच बांधलेली असते. ढगफुटीसारखा पाऊस आला की अडवलेलं तेलही तो सोबत घेऊन जातो.

एका जूनमध्ये मी मिठीकाठच्या एका मोरीच्या तोंडाशी काचेच्या बाटलीत पाणी भरून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. अर्ध्या तासात वर बोटभर तेल, मध्ये चहासारखं पाणी, तळाला काळा चुरा. त्यातलं विमानाचं किती, गॅरेजचं किती, साकीनाक्याकडे धुतल्या जाणाऱ्या तेलाच्या पिंपांचं किती, हे बाटली सांगत नाही. म्हणूनच जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मला याची चीड येते. आपल्या दाराशी गाळलेलं पाणी प्रत्येकाने पुढे सोडलं, तर हा प्रश्नच उरत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. शहराची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटरसाठी, तीही ओहोटीच्या हिशेबाने बांधलेली. पर्जन्य जलवाहिन्यांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता दुप्पट करायला सांगितलं होतं. बारा वर्षांत फारसं काही झालं नव्हतं. त्यात भरती आली. खाडी पाणी घेईना, मिठी मागे फिरली, धावपट्ट्या बुडाल्या, विमानतळ बंद पडलं. पुढे माधव चितळे यांची समिती नेमली गेली, मिठीसाठी प्राधिकरण आलं, पात्र रुंद झालं. जुहूच्या बाजूला इर्ला नाल्यावर उदंचन केंद्र बसलं. भरतीला दरवाजे बंद करून ते नाल्याचं पाणी समुद्रात फेकतं. पंप पाणी उचलतो, तेल वेगळं करत नाही.

मी अजूनही ओहोटीला माहीमच्या पुलावर जाऊन उभा राहतो. तिवरांच्या मुळांवर तेलाची काळी रेघ असते. आदली भरती कुठवर चढली होती, ते त्या रेघेवरून मोजता येतं.