बैलाचे कुळ व माणसाचे कुळ

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची जत्रा भरते. जनावरांच्या बाजारासाठी ही जत्रा पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. नांदेडचा लालकंधारी आणि लातूरकडचा देवणी हे मराठवाड्याच्या अभिमानाचे दोन गोवंश. येथे गिऱ्हाईक बैलाचे दात मोजतो, खूर व खांदा पाहतो, आणि शेवटी विचारतो, ‘बैल गरीब आहे की मारका? वळू कोणता?’ रूप आणि बळ यांच्याप्रमाणे स्वभावही कुळातून उतरतो, हे आमच्या शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक आहे. आणि ते खोटे नाही.

परंतु याच जत्रेत दुसराही एक मेळा जमत आला आहे. भटक्या जमाती येथे उतरत, आणि त्यांच्या जातपंचायती येथे बसत. बैलाला विचारावयाचा प्रश्न राज्यकर्त्यांनी एके काळी या माणसांना विचारला, व त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवले. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली तो सर्व ब्रिटिश मुलुखास लागू करण्यात आला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावी, तिच्या लोकांची नोंद घ्यावी, त्यांनी हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, अशी ती व्यवस्था होती. सोलापुरास अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तथापि त्या राज्यातही याच धर्तीचा बंदोबस्त होता. व्यक्तीने अपराध केला की नाही, हा प्रश्नच उरला नाही. ती कोणाच्या पोटी जन्मली, एवढे पुरेसे झाले.

या कायद्याचे कर्ते शास्त्रज्ञ नव्हते. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा सुतार, तसा चोराचा चोर, असा त्यांचा हिशेब होता; म्हणजे आमची जातिव्यवस्थाच त्यांनी पुरावा म्हणून पुढे केली. मात्र युरोपातील वाराही त्याच दिशेने वाहत होता. गाल्टनचा बुद्धिमत्तेच्या आनुवंशिकतेवरील ग्रंथ १८६९ साली प्रसिद्ध झाला होता. जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडणारा लोंब्रोसोचा ग्रंथ १८७६ साली आला. नवल असे की, आनुवंशिकतेचे खरे नियम मेंडेलने १८६५ सालीच मांडले असूनही १९०० पर्यंत त्यांकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. आनुवंशिकतेचे नियम जगास कळण्यापूर्वीच आनुवंशिकतेच्या नावाने माणसांवर पहारे बसले!

पुढे या विषयाचा प्रयोगाने तपास झाला. अमेरिकेत ट्रायन या मानसशास्त्रज्ञाने चक्रव्यूहात वाट चटकन शोधणाऱ्या उंदरांचा संकर आपसात केला व वारंवार चुकणाऱ्यांचा आपसात. काही पिढ्यांत दोन निराळी कुळे झाली. १९४० साली त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा कुळवाद्यांचाच जय झाला असे वाटावे. पण १९५८ साली कूपर व झुबेक यांनी तशाच दोन कुळांची पिले ओक्याबोक्या पिंजऱ्यात वाढविली, तेव्हा हुशार कुळाची पिले मंद कुळाइतकीच चुकू लागली. आणि खेळण्या-शिड्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात वाढविली, तेव्हा मंद कुळाची पिले जवळजवळ हुशारांच्या बरोबरीस आली. कुळ खरे होते. परंतु पिंजराही तितकाच खरा होता.

जुळ्या भावंडांवरील पन्नास वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा २०१५ साली निघाला. त्यात माणसामाणसांतील फरकांपैकी सरासरीने सुमारे निम्मा भाग आनुवंशिक ठरला. या आकड्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावयास हवा. ज्वारीचे एकाच पोत्यातील बियाणे अर्धे काळ्या रानात व अर्धे माळरानात पेरले, तर एका रानातील लहानमोठ्या कणसांचा फरक बियाण्यामुळे असेल. दोन रानांमधला फरक मात्र केवळ जमिनीचा. माळावरचे पीक पाहून बियाण्यास दोष देणारा शेतकरी आम्ही पाहिला नाही. तसे राज्यकर्ते मात्र पाहिले.

आणि या वादातला सर्वांत बोलका पुरावा लातूर जिल्ह्यातूनच आला. धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले. १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोलिसांचा ससेमिरा, उपासमार आणि चोरीवाचून दुसरे काम न मिळणे, हे त्यात आहे. पण आमच्या विषयास लागू असे आणखी एक आहे. त्या समाजात मुलांना चोरी शिकवावी लागे. हात कसा चालवावा याची तालीम असे; मार खाऊनही कबुली देऊ नये, म्हणून मारही घरचेच देत. आमचा साधा प्रश्न असा की, जे रक्तात आहे त्याची शाळा कशास हवी? लक्ष्मणास त्या शाळेऐवजी गावच्या शाळेत घातले, तेव्हा आपली पोरे आजारी पडतात ती याच्या शिकण्यामुळे, असे जातभाई म्हणू लागले. तोच मुलगा पुढे सूतगिरणीत कामगार झाला, कामगारांचा पुढारी झाला, लेखक झाला. कुळ बदलले नव्हते. रान बदलले होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. कायदा एका दिवसात गेला, समजूत गेली नाही. गावात चोरी झाली की आजही पहिला संशय पालावर जातो, आणि आमच्या सुशिक्षित घरांतूनही ‘त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य सहज ऐकू येते. आमच्याही तोंडून ते कधी गेले असेल, हे कबूल केलेले बरे. आता गुणसूत्रांच्या चाचण्यांवरून माणसाचे भविष्य वर्तविण्याची भाषा सुरू झाली आहे. तेव्हा १८७१ चे ते नोंदणीपुस्तक विसरून चालणार नाही. माळेगावच्या बाजारात बैलाचे कुळ अवश्य विचारावे. माणूस भेटला, तर त्याला वाढावयास कोणते रान मिळाले, हे आधी विचारावे.